बेरिंजिया : आशिया व अमेरिकेदरम्यानचा बुडालेला प्रदेश

रशियाच्या ईशान्य टोकाचा चुकोटका प्रदेश आणि अमेरिकेतील अलास्का यांच्यामध्ये बेरिंगची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी सुमारे ८५ किलोमीटर असून खोली जेमतेम ३० ते ५० मीटर भरते. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, म्हणजे सुमारे २६ ते १९ हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा हिमचादरींत अडकला होता. समुद्राची पातळी १२० मीटरहून अधिक खाली गेली आणि हा उथळ तळ उघडा पडला. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक हुल्टेन यांनी १९३७ मध्ये या प्रदेशाला ‘बेरिंजिया’ हे नाव दिले.

त्याला ‘भूसेतू’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र हा शब्द फसवा आहे. उत्तर-दक्षिण सुमारे एक हजार किलोमीटर पसरलेला तो एक विस्तीर्ण प्रदेशच होता. कॅनडाचा बहुतांश भाग बर्फाखाली गाडला गेला असताना कोरड्या हवेमुळे येथे हिमचादर साचली नाही. गवताळ मैदानांत मॅमथ, बायसन व घोड्यांचे कळप चरत राहिले.

ही ये-जा दुतर्फा होती. मॅमथ आणि बायसन आशियातून अमेरिकेत गेले. घोडा व उंट यांच्या कुळांचा उगम मात्र उत्तर अमेरिकेतला. या हिमयुगाच्या लाखो वर्षे आधी भूमी जोडलेली असताना त्यांचे पूर्वज आशियात उतरले. राजस्थानच्या वाळूशी एकरूप झालेला उंट त्यांचाच वंशज. पुढे उत्तर अमेरिकेतून हे दोन्ही प्राणी नामशेष झाले आणि घोडा तेथे परतला तो स्पॅनिश जहाजांतून.

खरा वाद माणसाच्या आगमनाचा आहे. सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचे ‘क्लोव्हिस’ शिकारी हेच अमेरिकेतील पहिले रहिवासी होत आणि ते हिमचादरींमधील मोकळ्या वाटेने दक्षिणेकडे उतरले, असे दीर्घकाळ मानले जाई. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पाऊलखुणा २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. कालमापनावर आक्षेप आले. २०२३ मध्ये परागकण व क्वार्ट्झच्या तपासणीतून जवळपास तेच वय निघाले. त्या काळी ती वाट बर्फाने बंद होती. म्हणजे माणसे त्याही आधी आली असावीत, अथवा पॅसिफिकच्या किनाऱ्याने. तत्कालीन किनारा आज बराचसा पाण्याखाली असल्याने पुरावा हाती येणे कठीण झाले आहे.

सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी समुद्राने हा प्रदेश पुन्हा गिळला. सायबेरियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर अडकलेले मॅमथ मात्र सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते. इजिप्तमध्ये गिझाचे पिरॅमिड तोवर उभे राहिले होते.