मौन आणि चित्रभाषा

पालघर, बोईसर, तारापूर हीं नांवें घेतलीं कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें 1969 सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्र आणि कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहतात. त्याच मुलुखांत, थोडें उत्तरेस डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवीं, 2018 सालीं निवर्तलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत असत. लहानपणीं आईच्या मृत्यूचा असा आघात झाला कीं त्यांनीं बोलणेंच सोडलें. मनांतलें सांगावयाचें तें ते धुळींत रेघा ओढून सांगत. त्यांचे कान शाबूत होते, तेव्हां त्यांस कर्णबधिर म्हणतां येणार नाहीं. तथापि कर्णबधिरांच्या कलेचा विचार करतांना आम्हांस प्रथम त्यांचेंच स्मरण होतें.

वाणी नाहीं तेथें विचारही नाहीं, हा शहाण्यांचा जुना समज. 1880 सालीं मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली व तिनें हातांच्या खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करण्याचा ठराव केला. ठराव करणाऱ्यांत स्वतः बधिर असा एखादाच! मुंबईंतील बधिरांची शाळा निघाली ती 1885 सालीं. आणि आपल्याकडील बहुतेक शाळांनीं पुढें दीर्घकाळ मुलांच्या ओठांवर शब्द आणण्याचाच अट्टाहास धरला. खुणांनीं रचावयाचें काव्य किंवा नाट्य यांस जाणता प्रेक्षकसमाज लागतो. खुणांसच मज्जाव असल्यावर तो कोठून निर्माण व्हावा? अमेरिकेंत बधिरांचें राष्ट्रीय नाट्यमंडळ उभें राहिलें तें 1967 सालीं. चित्रास मात्र कोणाची परवानगी लागली नाहीं. बालपणींच श्रवण गमावलेले सतीश गुजराल 1944 सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले, तेव्हां त्यांच्या हातीं कुंचला होता.

परंतु शहरांतला चित्रकार एकट्यानें बोलतो. वारल्यांची गोष्ट निराळी. लग्नाच्या वेळीं सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. आंत पालघट देवी असते. टोकाशीं टोंक जुळविलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हें पाड्यावरचें पोरही जाणतें. ही चिन्हांची बाराखडी सर्वांच्या ओळखीची होती, आणि न बोलणारें मूल त्याच पाड्यांत वाढलें, हें आमच्या मतें लहान भाग्य नव्हे. ज्या बधिर मुलाच्या खुणा घरांतही कोणी शिकत नाहीं, त्याच्याशीं याची तुलना करून पाहावी.

बायकांचें व सणासुदीचें हें लेखन म्हसे यांनीं पुरुष असून नित्याचें केलें. 1976 सालीं राष्ट्रीय पुरस्कार व 2011 सालीं पद्मश्री त्यांस मिळाली. भारतीय खुणांच्या भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीस स्थापन झालें तें 2015 सालीं, म्हणजे मिलानच्या ठरावानंतर 135 वर्षांनीं.