जुन्या गाडीची तेलगळती : आधी उगम शोधा, मगच पाना उचला

पिंपळे सौदागरमधील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फरशीवर उमटलेला काळा डाग बहुधा एखाद्या जुन्या गाडीची जागा दाखवतो. शेजारच्या पिंपरीत तयार झालेली आणि १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली टाटा इंडिका २०१८ मध्ये बंद झाली. त्या पिढीच्या गाड्या मात्र आजही काही घरांत वापरात आहेत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने इंजिनातील रबरी पॅकिंग व ऑइल सील कडक होतात आणि तेल पाझरू लागते. गळती किरकोळ असली, तरी दुर्लक्ष झाल्यास तेलाची पातळी घसरून इंजिन जाम होण्याची वेळ येऊ शकते.

उगम कसा ओळखावा?

रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. तपकिरी वा काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी पाण्यासारखा द्रव कूलंटचा. स्वच्छ पाणी एसीचे. डाग पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असे नाही. तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थंड इंजिन पुसून कोरडे करावे, गाडी थोडी चालवावी आणि टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. सर्वांत वरचा ओला भाग हाच बहुधा उगम होय.

घरी होणारी कामे

ऑइल बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल, तर चेंबरच्या ड्रेन प्लगचा वॉशर आणि ऑइल फिल्टर प्रथम तपासावा. वॉशर दरवेळी नवा घालावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हेही पाहावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. बोल्ट मध्यापासून बाहेर, थोडे थोडे आवळावेत. गळती थांबावी म्हणून जोर लावल्यास कव्हर वाकते आणि गळती वाढते. सीलंटचा थर देऊ नये. त्याचे सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकू शकतात.

नवे पॅकिंगही लवकरच गळू लागले, तर ब्रीदरची नळी तपासावी. ती तुंबल्यास इंजिनात दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते.

गॅरेज केव्हा गाठावे?

इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल येत असेल, तर क्रँकच्या मागील सीलची शंका घ्यावी. हे सील स्वस्त असते. परंतु त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी वाढते. तेल टायमिंग बेल्टवर किंवा तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असेल, तर विलंब करू नये. पहिल्यात बेल्ट खराब होतो, दुसऱ्यात आगीचा धोका असतो. गळती थांबवणारी रसायने रबर तात्पुरते फुगवतात. फाटलेले पॅकिंग त्यांनी सांधले जात नाही.

दुरुस्ती होईपर्यंत दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइलचा लाल दिवा लागल्यास गाडी तत्काळ थांबवावी.

काढलेले तेल गटारात ओतू नये. पावसाच्या पाण्याबरोबर ते जवळच्या पवना नदीत जाऊ शकते. ते बंद डब्यात साठवून, वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.