तळटीप : ‘सीआरपी खूप वाढलंय’
१४. ‘सीआरपी खूप वाढलंय’ : धारगळहून आजीला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेल्यावर डॉक्टर हे नातवाला सांगतात. सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे यकृतात तयार होणारं प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. जंतुसंसर्गानंतर काही तासांतच ते वाढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं. मात्र मोडलेला खुबा, संधिवात, शस्त्रक्रिया यांनीही ते वाढतं. फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये पुढे आणलेलं प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या बाबतीत अधिक नेमकं. पण मूत्रपिंडं थकलेली असली तर तेही आधीपासूनच थोडं चढलेलं असतं.

वृद्धांमध्ये अशा तपासण्यांची गरज जास्त, कारण त्यांना ताप येईलच असं नाही. जेवणावरची वासना जाते, बोलणं असंबद्ध होतं, उठताना तोल जातो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. मागच्या पानावर आजी पेज परत पाठवते आणि नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते, हीच आजाराची सुरुवात होती; वाचकाने ती नजरेआड करू नये.

जंतू कोणता, हे सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा सांगत नाही. धारगळच्या पेडणे तालुक्यात पावसाळ्यात शेतात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्याची तपासणी वेगळी. म्हणूनच शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी रक्त घेतात आणि सीआरपी दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहतात.
— संपादक