मुक्तिदाता झार

रशियाच्या झारांस मिळालेलीं विशेषणें मोठीं बोलकीं आहेत. चौथा इव्हान 'भयंकर', पहिला पीटर 'थोर', दुसरी कॅथेराइनही 'थोर'. परंतु १६१३ पासून १९१७ पर्यंत नांदलेल्या रोमानोव्ह घराण्यांत 'मुक्तिदाता' हें बिरुद एकाच्याच वांट्यास आलें, आणि भर रस्त्यांत बॉम्बनें मारला गेलेला झारही तोच एक. झारांचे खून पूर्वीं झाले नव्हते असें नाहीं. तिसरा पीटर १७६२ सालीं आणि पॉल १८०१ सालीं असेच गेले; पण ते दरबारी कटाचे बळी. दुसऱ्या अलेक्झांडरला मारलें तें शेतकऱ्यांच्या नांवानें शपथा घेणाऱ्या तरुणांनीं, म्हणजे ज्यांना त्यानें मुक्त केलें असें सारें जग म्हणत होतें त्यांच्या कैवाऱ्यांनीं. हें कोडें उलगडावयाचें तर त्या मुक्तीचा हिशेब पाहिला पाहिजे.

अलेक्झांडर हा पिंडानें सुधारक नव्हता. त्याचा बाप पहिला निकोलस. पांच डिसेंबरवाल्या बंडखोरांना फांसावर चढवून त्यानें राज्यास आरंभ केला आणि पुढें तीस वर्षें सारें साम्राज्य एखाद्या छावणीप्रमाणें चालविलें. भूदासांची प्रथा वाईट आहे हें निकोलसलाही कळत होतें; त्यानें तिच्यावर एकामागून एक गुप्त समित्या नेमल्या आणि मूळ रोगास हात लावला नाहीं. तो हात क्रिमियाच्या युद्धानें लावावयास लावला. १८५५ सालीं, युद्ध चालू असतांनाच, निकोलस वारला व मुलगा गादीवर आला. त्याच वर्षीं सेव्हास्तोपोल पडलें. मॉस्कोच्या दक्षिणेस रेल्वे नव्हती. दारूगोळा बैलगाड्यांनीं रखडत जात होता. शिवाय सैन्याची अडचण निराळीच होती. शिपाई म्हणून धरलेला भूदास नोकरीबरोबर मालकाच्या ताब्यांतून सुटे, म्हणून त्याला वीस-पंचवीस वर्षें सोडावयाचें नाहीं अशी रीत. थोडीं वर्षें शिकवून घरीं पाठवावा आणि युद्धाच्या वेळीं बोलवावा, असें राखीव सैन्य भूदासांच्या देशांत उभें राहणेंच शक्य नव्हतें. दयेपेक्षां या पराभवानें झाराला शहाणें केलें, असें माझें मत आहे. मार्च १८५६ मध्यें मॉस्कोच्या सरदारांस त्यानें स्वच्छ सांगितलें कीं, ही प्रथा खालून आपोआप मोडूं लागण्याची वाट पाहण्यापेक्षां ती वरून मोडलेली बरी.

त्या वेळीं खाजगी जमीनदारांच्या मालकीचे भूदास, बायकामुलांसह, सुमारें सव्वादोन कोटी होते. सरकारी दप्तरांत त्यांची मोजणी 'जीवां'नीं होई आणि जीव म्हणजे फक्त पुरुष. मालकाच्या शेतावर वेठ करावयाची किंवा त्याला रोकड खंड द्यावयाचा, असे त्यांच्या चाकरीचे दोन प्रकार. मालक त्यांना फटके मारी, सैबेरियांत धाडी, त्यांचीं लग्नें जुळवी आणि मोडी. १८५९ च्या सुमारास या जीवांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश सरकारी पेढ्यांकडे गहाण पडलेले होते. गोगोलच्या 'मृत जीव' या कादंबरींतील नायक मेलेले भूदास विकत घेऊन गहाण टाकावयास निघतो. तें पुस्तक १८४२ चें, आणि तत्कालीन रशियन वाचकाला त्यांतील थट्टा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९ फेब्रुवारी १८६१ रोजीं झारानें जाहीरनाम्यावर सही केली. (येथील तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, त्या शतकांत तें बारा दिवस मागें असे.) सही झाल्यावर दोन आठवडे ती बातमी दडवून ठेवली, आणि मोठा उपवास सुरू होण्याच्या तोंडावर, ५ मार्चला, दोन्ही राजधान्यांच्या देवळांतून तो वाचला गेला. मॉस्कोचा धर्माध्यक्ष फिलारेत यानें रचलेली ती जड धार्मिक भाषा शेतकऱ्यांच्या डोक्यावरून गेली. एवढें मात्र कळलें कीं, आणखी दोन वर्षें सारें पूर्वीप्रमाणेंच चालावयाचें आहे.

यापुढचा तपशील रुक्ष आहे. पण सारें मर्म त्यांतच आहे. शेतकऱ्याचा देह फुकट मुक्त झाला, जमीन मात्र विकत घ्यावयाची होती. किमतीचा बहुतेक भाग, साधारण चारपंचमांश, सरकारनें जमीनदाराला रोख्यांनीं द्यावा आणि शेतकऱ्यानें तें कर्ज दरसाल शेंकडा सहा प्रमाणें ४९ वर्षें फेडावें, असें ठरलें. म्हणजे शंभर रूबलांपायीं २९४ रूबल. जमीनदाराच्या जागीं सरकारच सावकार होऊन बसलें. आणि किंमत ठरली कशी? जमिनीच्या बाजारभावावरून नव्हे, तर शेतकरी देत असलेल्या खंडावरून. उत्तरेकडील निकस मुलखांत शेतकरी खंड भरी तो शेतांतून नव्हे, सुतारकी, विणकाम, शहरांतील मजुरी यांतून. त्या खंडाचें भांडवल करून जमिनीची किंमत बांधली, तेव्हां कायद्यानें फुकट दिलेला देह हिशेबाच्या मागल्या दारानें त्याच्याच माथीं विकला गेला. दक्षिणेकडे काळी माती मोलाची. तेथें शेतकरी पूर्वीं कसत असलेल्या जमिनीचे लचके तोडून मालकाकडे ठेवले. ठिकठिकाणीं कुरण, पाणवठा, रान हीं मालकाकडेच राहिलीं, आणि गाय चारावयाची तर पुन्हां त्याच्याच शेतावर राबणें आलें. भरीस भर म्हणून सारा वसूल गांवकीच्या सामायिक जबाबदारीवर. शेजाऱ्यानें हप्ता चुकविला तर तो आपण भरावयाचा आणि गांवकीच्या परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं.

आपण मालकाचे असलों तरी जमीन आपली, अशी शेतकऱ्यांची पिढीजात समजूत होती. म्हणून खरा जाहीरनामा जमीनदारांनीं दडविला आहे अशी बोलवा उठली. काझान प्रांतांतील बेझ्दना गांवीं अंतोन पेत्रोव्ह या जेमतेम अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्यानें कायद्याचा जाडा ग्रंथ चाळून त्यांत 'खरी मुक्ति' शोधून काढली. हजारों लोक त्याच्या झोंपडीभोंवतीं जमले. एप्रिल १८६१ मध्यें सैन्यानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. पेत्रोव्हलाही गोळी घालण्यांत आली. झारानें आपल्याला मुक्त केलें आहे यावर त्या लोकांचा विश्वास होता, म्हणूनच ते मेले.

पुढील सुधारणा खऱ्या होत्या. १८६४ मध्यें प्रांतिक लोकसभा आणि पंचांपुढें चालणारीं न्यायालयें आलीं, १८७४ मध्यें सर्व वर्गांस सारखी लष्करी नोकरी. पण प्रत्येक देणगीचा शेवट त्याच वळणावर होई. कैद्यास फटके मारविणाऱ्या अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या व्हेरा झासूलिचला १८७८ सालीं पंचांनीं निर्दोष सोडलें, तेव्हां सरकारनें असले खटले लष्करी न्यायालयांकडे वळविले. उघड बोलण्यास जागा नाहीं असें पाहून १८७९ मध्यें तरुणांच्या एका गटानें झाराच्या वधाचाच निश्चय केला. (त्या मंडळींची बॉम्बची विद्या पुढें फार दूर गेली, आपल्या सेनापति बापटांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें ती रशियन क्रांतिकारकांकडूनच मिळविली.)

१ मार्च १८८१ च्या सकाळीं झारानें निवडलेल्या प्रतिनिधींना कायद्यांच्या विचारविनिमयांत घेण्याच्या योजनेस संमति दिली. दुपारीं कॅथेराइन कालव्याच्या कांठीं पहिला बॉम्ब पडला. गाडी मजबूत होती, झार वांचला. गाडी हांकून निघून जावयाचें सोडून तो जखमी माणसें पाहावयास उतरला, आणि दुसऱ्या बॉम्बनें त्याचे पाय तुटले. राजवाड्यांत त्याचा प्राण गेला, त्या वेळीं बारा वर्षांचा नातू निकोलस, म्हणजे शेवटचा झार, तेथें उभा होता. एप्रिलमध्यें पांच जणांना फांशीं दिलें. त्यांत पीटर्सबर्गच्या एका माजी गव्हर्नरची मुलगी सोफिया पेरोव्हस्काया होती. नव्या झारानें, तिसऱ्या अलेक्झांडरनें, त्याच महिन्याच्या अखेरीस अढळ एकतंत्री सत्तेचा जाहीरनामा काढला. बापानें संमत केलेली योजना दप्तरांत गेली.

शेतकऱ्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. १८८१ च्या अखेरच्या कायद्यानें ते कांहींसे कमी केले, पण थकबाकी वाढतच गेली. शेवटीं ३ नोव्हेंबर १९०५ च्या जाहीरनाम्यानें १९०६ सालचा वसूल निम्म्यावर आला आणि १ जानेवारी १९०७ पासून तो अजिबात बंद झाला. तोंपर्यंत अनेक प्रांतांतून जमीनदारांचे वाडे जळून गेले होते.