मोटारसायकलीचा श्वासमार्ग

इंदापूरहून बारामतीस जातांना निमगांव केतकी, अंथुर्णें, भवानीनगर हीं गांवें लागतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें या मुलखाचें रूप पालटलें. १९३४ सालीं इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि बैलगाडीच्या या प्रांतांत यंत्रांचा राबता वाढला. विहिरीवर ऑईल इंजिन आलें, आणि कालांतरानें बागाइतदाराच्या दारांत बुलेट मोटारसायकल दिसूं लागली. या दोन्ही यंत्रांस एक लहानसें नाक असतें. कारागीर त्यास ‘ब्रीदर’ म्हणतात. त्याचीच हकीकत मी आज सांगणार आहें.

हा विषय कारागिरांचा. त्यांत इतिहास तो काय, असें कित्येक श्रोत्यांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत असे. १९८६ सालीं मीं एक जुनी बुलेट विकत घेतली. तिच्या इंजिनाच्या तळाकडून निघणाऱ्या रबरी नळींतून तेलाचे थेंब गळत. अंगणांतील फरशीवर डाग पडूं लागले, तेव्हां एका कारागिरानें त्या नळींत लाकडाची खुंटी ठोकून दिली. थेंब थांबले, मी समाधान पावलों. आठच दिवसांनीं अंथुर्ण्याच्या पुढें एका वळणावर, पत्नी मागें बसलेली असतां, गाडी सरकली. उठून पाहतों तों सिलिंडरच्या बुडाचें पॅकिंग फोडून तेल बाहेर आलेलें, आणि मागील टायर त्यानें माखलेलें. दैव बलवत्तर, म्हणून खरचटण्यावर निभावलें. पण एवढ्याशा खुंटीनें हें कसें झालें, हा प्रश्न माझी पाठ सोडीना.

उत्तर समजण्यास इंजिनाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. सिलिंडरमध्यें दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखालीं होतो. त्याच्या खालीं जी बंद पेटी असते ती क्रँककेस; तींत दट्ट्याची भुजा व जड चाकें फिरतात, आणि तेथेंच वंगणाचें तेल उडत असतें. ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. दट्ट्या एकदां खालीं आला कीं पेटींतील हवेची ३४६ घन सेंटिमीटर जागा तो व्यापतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर ही दाबादाबी सेकंदास ५० वेळां होते. लोहाराचा भाताच हा! शिवाय वर जळणाऱ्या वायूचा कांहीं अंश दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटून खालीं उतरतो; त्यांत धूर, पाण्याची वाफ आणि न जळलेलें पेट्रोल असतें. या सर्वांस वाट न मिळाली, तर जेथें सांधा दुबळा तेथून तें तेलासह बाहेर पडतें. माझ्या गाडीचें नेमकें हेंच झालें होतें.

१८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दियाँ-बूताँ यांच्या कारखान्यांत लहान, वेगानें फिरणारें इंजिन तयार झालें, आणि अनेक देशांतील मोटारसायकलींनीं त्याचाच कित्ता गिरविला. त्या काळीं इंजिनांत सोडलेलें तेल परत येत नसे. स्वार हातपंपानें कांहीं मैलांगणिक थोडें तेल आंत सोडी. तें जळून वा गळून नाहींसें होई. अशा स्थितींत वायूबरोबर तेलाचा फवारा बाहेर पडला तरी त्याची कोणास हळहळ नसे. कित्येक इंग्लिश गाड्यांत तर तो मुद्दाम मागील साखळीवर सोडीत, म्हणजे साखळीसहि वंगण मिळे.

पुढें तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरविणारे पंप रूढ झाले, आणि प्रश्नाचें स्वरूप बदललें. आतां वायु जावा, पण तेल राहावें. आणि बाहेरची धूळ तर आंत मुळींच येऊं नये. यासाठीं एकाच दिशेनें उघडणारी झडप हवी. कोणी धातूची पातळ चकती बसविली, कोणी इंजिनाबरोबर फिरणारी झडप योजिली. १९५५ सालीं मद्रासेस बुलेट बांधणारी कंपनी निघाली. तिच्या गाड्यांच्या नळीस पुढें बदकाच्या चोचीसारखें रबर आलें. दट्ट्या खालीं आला कीं चोंच उघडते, वर गेला कीं मिटते. त्यामुळें पेटींतील दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् कमी राहतो, आणि सांध्यांतून तेल बाहेर जाण्याऐवजीं आंतच राहूं पाहतें. गळती थांबविण्याचा खरा उपाय ही उघडी वाटच होती. आम्हीं ती बुजविली!

त्या कारागिरास मात्र मी दोष देत नाहीं. त्याचा हात राजदूत व जावा यांवर बसलेला. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल व हवेचें मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरांत चढतें. तेथें पेटी घट्ट बंदच हवी, बारीकशी गळतीहि रोग समजावयाची. एका यंत्राविषयींचें खरें ज्ञान त्यानें दुसऱ्या जातीच्या यंत्रास लाविलें. मास्तरकींत असे प्रमाद माझ्या हातूनहि कमी घडले नाहींत.

या नाकाच्या इतिहासाचें आणखी एक प्रकरण आहे. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरकट धुक्याचें मूळ शोधतां शोधतां मोटारींच्या क्रँककेसमधील वायूहि दोषी ठरला. कॅलिफोर्नियांत १९६१ च्या नव्या मोटारींपासून तो नळीनें परत इंजिनांत नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. आज आपल्याच बारामतींत पियाजिओच्या कारखान्यांत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरी होतात. त्यांचा हा उच्छ्वास हवेच्या गाळणीच्या पेटींत जाऊन पुन्हां जळतो. आरंभीं जो वायु रस्त्यावर सोडीत, तो आतां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छातींत जाऊं नये, एवढी जाण यंत्रविद्येस आली.

जुनी बुलेट ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं एवढें करावें: नळी मोकळी आहे ना, रबरी चोंच ताठरली वा चिरली नाहीं ना, हें अधूनमधून पाहावें. नळीच्या टोकाशीं बाटली बांधावी, पण तिचें तोंड हवाबंद करूं नये. नळींतून धूर जोरानें येऊं लागला, तर तो दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांचा निरोप समजावा. विहिरीवरील इंजिनाचा धूर पाहून शेतकरी हें निदान कधींचेंच करीत आले आहेत.

माझी गाडी अजून चालते. फरशीवर एखादा डाग पडतो. तो पुसण्याचें काम मीं स्वतःकडे घेतलें आहे. ती खुंटी माझ्या टेबलाच्या खणांत आहे. पुढें वर्गांत ‘दाब’ शिकवितांना प्रथम ती मुलांच्या हातीं देत असें आणि मग फळ्याकडे वळत असें.