फुलपाखरांची पेटी

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर, पोथ्यांस कसर लागली कीं काय हें पाहण्यासाठीं आम्हीं बेलापूर येथील आमच्या घरांतील जुनी संदूक उघडली. पोथ्यांच्या रुमालांखालीं कांचेच्या झांकणाची एक लांकडी पेटी निघाली. तींत टांचण्यांनीं टोंचून बसविलेलीं तेवीस फुलपाखरें होतीं. १९८५ च्या सुमारास आम्ही शिक्षकाच्या पेशांत असतांना, शाळेच्या एका प्रदर्शनासाठीं आमच्याच आज्ञेवरून मुलांनीं तीं धरून आणलीं होतीं. एका तरुण संग्राहक स्नेह्यांनीं ती पेटी मंडळास देणगी म्हणून द्यावी असें सुचविलें. परंतु देणगी देणारानें ती वस्तु आपली आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. तें पाहूं जातां जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हस्तलिखितें, नाणीं व ताम्रपट जमविणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरीं अशी एखादी पेटी असणें अगदीं संभवनीय आहे.

फुलपाखरें वाळवून कांचेखालीं ठेवण्याची चाल आपल्याकडे इंग्रजी अमलांत रूढ झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. प्राणिविषयक टिपणें एकमेकांस सांगावीं व नमुने मांडून दाखवावे, हा तिचा आरंभींचा हेतु होता. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय विद्वान् होते, साताऱ्यास जन्मलेले एटकेनसाहेब होते, आणि फुलपाखरांचे व पतंगांचे मोठे संग्राहक कर्नल स्विन्हो हेहि होते. पुढें एटकेन, डेव्हिडसन व बेल या तिघांनीं उत्तर कानडा जिल्ह्यांतील फुलपाखरांवर लिहिलेले लेख संस्थेच्या जर्नलांत १८९६-९७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्या लेखांची थोरवी नमुन्यांच्या संख्येंत नाहीं. कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते व ती कोष कसा करते, हें त्यांनीं अळ्या पाळून, पाहून लिहून ठेविलें, यांत ती आहे.

आमच्या पेटींत असें कांहींच लिहिलेलें नाहीं. मुलांनीं हीं फुलपाखरें पारसिकच्या डोंगरावरून आणलीं कीं पनवेलकडील रानांतून, कोणत्या महिन्यांत आणलीं, कोणीं आणलीं, याची एकहि चिठी टांचणीखालीं नाहीं. पुष्पिका गहाळ झालेल्या पोथीचा लेखनशक व स्थल आपणांस सांगतां येत नाहीं, पण तींत निदान ग्रंथ तरी उरतो. चिठीवांचूनच्या फुलपाखराचा केवळ रंग उरतो. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहूं लागली. त्या घडामोडींच्या काळांत या भागांत काय उडत होतें, याची साक्ष हीं तेवीस फुलपाखरें देऊं शकलीं असतीं. आमच्या हलगर्जीपणानें ती साक्ष बुडाली, आणि जीव मात्र गेले.

आतां कायद्याकडे वळूं. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमांत ‘वन्य जीव’ या संज्ञेची जी मूळ व्याख्या होती, तींत मधमाशा व पतंग यांच्या जोडीला फुलपाखरांचा नांवानें उल्लेख होता. अनुसूचींत ज्या जातींचीं नांवें आहेत, त्यांस मारणेंच नव्हे तर पकडणें हेंहि शिकारींत मोडतें. बेकायदा धरलेला असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. तो बाळगणें, देणें वा विकणें यांवर निर्बंध आहेत. १९६८ पासून अभयारण्य असलेल्या कर्नाळ्यासारख्या ठिकाणाहून तर कोणत्याहि जातीचें फुलपाखरूं परवान्यावांचून नेतां येत नाहीं. शिक्षण व शास्त्रीय संशोधन यांसाठीं परवाना मिळूं शकतो. परंतु तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, लेखी व आधीं घ्यावा लागतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली व अनुसूची नव्यानें लावल्या गेल्या. म्हणून जुन्या यादीवर विसंबून चालत नाहीं. हा कायदा कागदावरच राहिला असेंहि नाहीं. २००८ सालीं दार्जिलिंग भागांत परवान्यावांचून कीटक जमविणाऱ्या दोघां चेक नागरिकांस अटक होऊन न्यायालयानें दोषी ठरविलें.

कोणी म्हणेल, अनुसूचींतील जाति सोडून बाकीचीं धरावीं. खरी मेख येथेंच आहे. प्लेन टायगर नांवाचें नारिंगी फुलपाखरूं आपल्याकडे सर्वत्र आढळतें. त्याची अळी रुईचा पाला खाते व त्यांतील विषारी द्रव्यांमुळें पक्षी त्यास टाळतात. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या, निर्विष जातीची मादी हुबेहूब त्याचें सोंग घेऊन जीव वांचविते. ही दुसरी जाति कायद्याच्या जुन्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस होती. प्लेन टायगर त्या अनुसूचींत नव्हतें. ज्या सोंगास पक्षी फसतो त्यास बारा वर्षांचें पोर फसणार नाहीं काय? आमच्या पेटींत त्या रंगाचीं चार फुलपाखरें आहेत. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागीं तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीस वरच्या कडेशीं एकच असतो. भिंग घेऊन पाहतां तीन फुलपाखरें प्लेन टायगर ठरलीं. चौथ्यास कडेशीं एकच ठिपका आहे.

त्या क्षणीं आम्हांस आदिपर्वांतील अणीमांडव्याचें आख्यान आठवलें. निरपराध मांडव्यास राजानें चोर समजून सुळावर चढविलें. पुढें ऋषीनें धर्मास कारण विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं बालपणीं तूं पतंगांच्या पुच्छांत काडी खुपसली होतीस. लहानशा अपराधास एवढा दंड ठरविणाऱ्या धर्मास त्यानें शाप दिला, तो विदुर होऊन जन्मला. आणि ऋषीनें अशी मर्यादा घातली कीं चौदा वर्षांपर्यंतचें कृत्य पातक गणलें जाऊं नये. आमचीं मुलें अकरा-बारा वर्षांचीं होतीं. मांडव्याच्या मर्यादेनें तीं सुटलीं. त्यांच्या हातीं जाळें देणारा शिक्षक मात्र सुटत नाहीं. कायदा होऊन तेव्हां तेरा वर्षें लोटलीं होतीं.

एक आक्षेप विचारार्ह आहे. डोंगर पोखरले जातात, ज्या झाडांवर अळ्या वाढतात तींच रानें साफ होतात. त्यापुढें पोराच्या जाळ्यानें कितीसें नुकसान होणार? सामान्य जातींपुरतें हें म्हणणें खरें आहे. परंतु त्यावरून जाळ्यास मोकळीक मिळत नाहीं. रान उरलें नाहीं तेथें उरलेल्या जीवाची किंमत वाढते. आणि विरळ जाति तर व्यापारी संग्राहकाच्या जाळ्यानेंहि संकटांत येते. रानाचा नाश थांबविणें आमच्या हातीं नसेल, पण घरची पेटी आमच्या हातीं आहे.

म्हणून ती मंडळास दिलेली नाहीं. चौथ्या फुलपाखराचा स्पष्ट उल्लेख करून, पेटी कोठें जमा करावी असें वनविभागास पत्रानें विचारलें आहे. उत्तर यावयाचें आहे. ज्या वाचकांच्या घरीं असा संग्रह असेल त्यांनीं तो विकूं नये, परस्पर कोणास देऊंहि नये. घरांतील वडील माणसांकडून त्याचा ठावठिकाणा आजच लिहून घ्यावा व मग वनविभागास कळवावें. नवा संग्रह करणारास छायाचित्र पुरेसें आहे. मात्र त्याखालीं दिनांक, स्थल आणि झाडाचें नांव असावें.

आम्हीं दोघां जुन्या विद्यार्थ्यांस विचारून पाहिलें. एकास डोंगर आठवतो, दुसऱ्यास रान. महिना कोणासच आठवत नाहीं. तेव्हां पेटीच्या झांकणावर आम्हीं एवढीच चिठी लाविली आहे: ‘स्थल व मास अज्ञात, सुमारें १९८५, विद्यार्थ्यांनीं शिक्षकाच्या आज्ञेवरून धरिलीं.’ तीखालीं आमची सही आहे.