द्रवचालित क्लच

द्रवचालित क्लच किंवा हायड्रॉलिक क्लच ही मोटारीतील अशी यंत्रणा आहे, की जिच्यात चालकाने पेडलवर दिलेले बल तारेऐवजी बंद नळीतील द्रवामार्फत क्लचपर्यंत पोहोचते. इंजिन व गिअरपेटी यांच्यातील जोड तात्पुरता तोडणे हे क्लचचे कार्य होय. हा जोड पूर्ण तुटला नाही, तर गिअर बदलताना दाते एकमेकांवर घासून गिअरपेटीची हानी होते. तो पूर्ण जुळला नाही, तर क्लच प्लेट घसरून जळते. या दोषांची पहिली सूचना बहुधा पेडलच्या स्पर्शातून मिळते. तिचा अर्थ नीट लावल्यास, केवळ नळीत हवा शिरलेली असताना संपूर्ण क्लच बदलण्याचा अनावश्यक खर्च टळतो.

रचना व कार्य

पेडलला जोडलेला दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलतो. तेथील द्रव नळीवाटे गिअरपेटीजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातो व त्याचा दट्ट्या बाहेर सरकतो. हा दट्ट्या फोर्कच्या साहाय्याने रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाबतो. त्यामुळे फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये आवळलेली क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडताच स्प्रिंगच्या जोराने द्रव परत फिरतो. काही मोटारींत स्लेव्ह सिलिंडर आतील बाजूस, गिअरपेटीच्या दंडाभोवती कड्याप्रमाणे बसवलेला असतो. तो बदलण्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागते.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यांच्या नियमानुसार बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. उदाहरणार्थ, मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिमी व स्लेव्ह सिलिंडरचा २० मिमी असल्यास बल सुमारे १.५६ पट होते. परंतु मास्टरचा दट्ट्या २५ मिमी सरकला, तरी स्लेव्हचा दट्ट्या १६ मिमीच सरकतो. हे अंतर मोजकेच असल्यामुळे थोडी हवा किंवा अल्प गळतीही क्लच अर्धवट सुटण्यास पुरेशी ठरते.

१९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० या मोटारीचा क्लच तारेवर चालत असे. अशा क्लचमध्ये प्लेट झिजल्यावर तारेचा नट फिरवून पेडल जुळवावे लागते. द्रवचालित क्लचमध्ये ही झीज सहसा आपोआप भरून निघते. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा दट्ट्या मागे सरकून बसतो आणि तेवढा द्रव टाकीत परततो. म्हणून क्लचची टाकी स्वतंत्र असल्यास तिच्यातील पातळी उतरणे हे झिजेचे नव्हे, तर गळतीचे लक्षण मानले जाते.

पेडलच्या स्पर्शावरून दोषनिदान

मऊ पेडल: पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर नळीत हवा असण्याची शक्यता अधिक असते. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. पेडल लागोपाठ चार-पाच वेळा दाबल्यावर ते घट्ट होऊन गिअर नीट पडू लागल्यास या शंकेला पुष्टी मिळते. जुनी रबरी नळी दाबाखाली फुगत असल्यासही पेडल मऊ लागते.

दाबून धरल्यावर निकामी होणारा क्लच: गिअरमध्ये उभी असलेली गाडी, पेडल दाबलेले असतानाही काही क्षणांनी पुढे सरकू लागते. मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर झिजून द्रव दट्ट्याच्या मागे निसटत असल्यास असे घडते. प्रारंभी बाहेर गळती दिसत नाही व टाकीतील पातळीही कायम राहते. म्हणून हा दोष पुष्कळदा नजरेतून सुटतो.

तळाशी पडून राहणारे पेडल: द्रव मोठ्या प्रमाणात गळाल्याचे हे लक्षण होय. पेडलखालील गालिचा ओला असल्यास मास्टर सिलिंडर, तर स्लेव्हचे रबरी आवरण ओले असल्यास स्लेव्ह सिलिंडर सदोष असतो.

जड पेडल: याचे कारण बहुधा द्रवात नसून यांत्रिक भागांत असते. झिजलेली क्लच प्लेट, थकलेली प्रेशर प्लेट, कोरडा पडलेला फोर्कचा टेकू ही नेहमीची कारणे होत. चेपलेली नळीही पेडल जड करते.

सावकाश परतणारे पेडल: रबरी नळी आतून सुजली असल्यास द्रव परतण्यास विलंब लागतो. मास्टरच्या दांड्याला किंचित मोकळीक नसल्यास द्रव टाकीत परतण्याचे छिद्र उघडत नाही, नळीत दाब शिल्लक राहतो व क्लच घसरू लागतो.

निर्णायक चाचणी

स्लेव्ह सिलिंडर बाहेर असल्यास इंजिन बंद करून व हँडब्रेक ओढून एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने दट्ट्याच्या दांड्याची हालचाल मोजावी. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरापेक्षा ती कमी भरल्यास दोष द्रवाच्या बाजूस असतो. हालचाल पूर्ण असूनही गिअर अडकत असल्यास दोष क्लचमध्ये असतो. गिअरपेटी उतरवण्यापूर्वी ही चाचणी करणे इष्ट ठरते.

हवा काढणे

प्रथम गळतीचे कारण दूर करावे लागते. अन्यथा हवा पुन्हा शिरते. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडवले जाते. मदतनीस पेडल दाबून धरतो, निपल सैल करून हवा बाहेर सोडली जाते व पेडल उचलण्यापूर्वी निपल पुन्हा आवळला जातो. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया चालते. या काळात टाकी रिकामी होऊ दिल्यास नव्याने हवा शिरते.

द्रव व सुरक्षितता

बहुतेक मोटारींत ग्लायकोलयुक्त डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव वापरतात. बोलीत त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी ते खनिज तेल नव्हे. या प्रणालीत इंजिन ऑइल घातल्यास रबरी वॉशर फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. नव्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर त्याची किमान मर्यादा १५५° से. धरली जाते. ओलाव्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. द्रव रंगावर सांडल्यास रंग उतरतो.

अनेक मोटारींत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते. क्लचच्या नळीचे तोंड सहसा टाकीच्या वरच्या भागात ठेवतात, जेणेकरून क्लचच्या गळतीने ब्रेकचा सर्व द्रव संपू नये. मात्र अशा टाकीतील पातळी खूप उतरलेली आढळल्यास ब्रेकचीही तपासणी होईपर्यंत गाडी चालवणे धोक्याचे असते.

हे सुद्धा पहा

क्लच
गिअरपेटी
पास्कालचा नियम